बाबांचा याशिका आणि जपानमधली जंकची टोपली



भारतातून कुणाचं जपानला यायचं ठरलं की मला हमखास एक फोन येतो. "अरे, तिकडे जुने रोलचे कॅमेरे फार स्वस्त मिळतात म्हणे. एखादा घेऊ का? चालेल का?" मग जरा थांबून दुसरा प्रश्न येतो, आणि खरं तर फोन त्याच्यासाठीच केलेला असतो. "आमच्या बाबांचा पण एक आहे रे कपाटात. याशिका. कित्येक वर्षं बंद आहे. त्याचं काही होईल का?"

प्रत्येकाला तेच तेच सांगून झालं, म्हणून आता एकदा बैजवार लिहून काढतो. आधीच सांगतो, मी या विषयातला तज्ज्ञ वगैरे नाही. सांगलीला इंजिनिअरिंग केलं, चारचौघांसारखा आयटीत शिरलो, कंपनीने टोकियोला पाठवलं आणि इथलाच झालो. आठवडाभर सर्व्हर आणि डेटाबेस, आणि शनिवारी दुपारी जुने कॅमेरे उघडून बसणं, हा गेल्या सात वर्षांचा उद्योग. बायको त्याला 'पसारा' म्हणते.

ज्यांना थोडक्यात उत्तर हवंय त्यांच्यासाठी : होय, बाबांचा याशिका बहुतेक चालू होईल. पण लवकर करा. 'लवकर' का, ते सांगण्यासाठीच हा सगळा प्रपंच.

जंकची टोपली

टोकियोत जुन्या कॅमेऱ्यांसाठी शिंजुकूच्या पश्चिमेकडच्या गल्ल्या, गिंझा आणि नाकानो ही मुख्य ठिकाणं. काचेच्या कपाटातला माल तपासलेला असतो, त्याला काही महिन्यांची वॉरंटी असते आणि किंमतही तशीच. आपल्यासारख्यांची खरी जागा म्हणजे खाली कोपऱ्यात ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या टोपल्या. त्यांच्यावर लिहिलेलं असतं 'जान्कु', म्हणजे आपलं जंक. पाचशे येनपासून दोन-तीन हजार येनपर्यंत काहीही मिळतं. एकदा घेतलं की परत नाही, तक्रार नाही.

पुण्याच्या जुन्या बाजारात जे फिरलेत त्यांना या टोपल्या ओळखीच्या वाटतील. फरक एवढाच की तिथे विकणारा "एकदम कंडिशनमध्ये आहे साहेब" म्हणतो, आणि इथे वस्तूचा एकूणएक दोष चिठ्ठीवर लिहिलेला असतो. त्यामुळे चार शब्द शिकून घेतले की काम भागतं. 'काबी आरि' म्हणजे लेन्समध्ये बुरशी आहे. 'कुमोरि' म्हणजे काच धुरकट झाली आहे. 'दोसा मिकाकुनिन' म्हणजे चालतो की नाही ते बघितलेलं नाही. (यातला दोसा आपला चटणीबरोबरचा नव्हे!) 'बुहिन-तोरि' म्हणजे हा फक्त सुटे भाग काढण्यापुरता. आणि माझा सर्वांत लाडका शब्द म्हणजे 'निकोइचि', दोनांतून एक. दोन बंद कॅमेरे घ्यायचे आणि त्यातून एक चालू करायचा. आपण ज्याला जुगाड म्हणतो त्याला इथे रीतसर नाव आहे.

सुरुवात दुरुस्तीवाल्यापासून

इथल्या कॅमेरा उद्योगाची सुरुवातच कुणीतरी कॅमेरा उघडून पाहण्यातून झाली आहे. गोरो योशिदा नावाचा एक माणूस सिनेमाचे कॅमेरे आणि प्रोजेक्टर दुरुस्त करायचा. तेव्हा जर्मन लायका हा जगातला उत्तम कॅमेरा. जपानमध्ये त्याची किंमत सुमारे ४२० येन, आणि मोठ्या बँकेत नव्याने लागलेल्या पदवीधराचा महिन्याचा पगार सुमारे ७० येन. म्हणजे सहा महिन्यांचा पगार एका कॅमेऱ्याला. योशिदाने एक लायका मिळवून सुटा केला. आत हिरे-माणकं काही नव्हती. पितळ, अॅल्युमिनियम, लोखंड आणि रबर. असल्या सामानाचे एवढे पैसे घेतात याचा त्याला रागच आला, आणि हे आपल्यालाही जमेल असं वाटलं. १९३३ साली टोकियोत रोप्पोंगीला एका इमारतीत छोटी प्रयोगशाळा निघाली आणि १९३४ मध्ये जपानमधला पहिला ३५ मिलिमीटरचा फोकल प्लेन शटरवाला कॅमेरा नमुना म्हणून तयार झाला.

त्याचं नाव 'क्वानोन'. योशिदा कान्नोनचा भक्त होता, त्यावरून. टोकियोत राहणाऱ्यांना आसाकुसाचं देऊळ माहीत असतंच. तिथली देवता तीच. आणि कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेऊन उभा असलेला पद्मपाणी आठवतो ना, तोच. क्वानोनच्या चिन्हात सहस्रभुज कान्नोन होता आणि लेन्सचं नाव होतं 'कास्यापा', बुद्धाचा शिष्य काश्यप. पुढे जगभर विकायचं म्हणून क्वानोनचं 'कॅनन' झालं. गंमत म्हणजे कॅननचा बाजारात आलेला पहिला कॅमेरा, १९३६ चा हान्सा कॅनन, त्याची लेन्स निप्पोन कोगाकूने बनवलेली होती. ही निप्पोन कोगाकू म्हणजेच आजची निकॉन. आज दोघांचे चाहते एकमेकांशी सासू-सुनांसारखे भांडतात, तो भाग वेगळा.

सांगायचा मुद्दा असा की योशिदाला आत जे दिसलं, म्हणजे पितळ, काच आणि स्क्रू, त्यामुळेच हे कॅमेरे आजही उघडता येतात आणि परत लावता येतात. १९५० ते १९८० या काळातला बहुतेक कॅमेरा माणसाने हाताने जुळवलेला आहे, त्यामुळे माणसाला तो हाताने सोडवताही येतो. तर मग तो बंद का पडतो?

टिकतं काय, नासतं काय

शंभरेक जंक कॅमेरे उघडल्यावर माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी. कॅमेऱ्यातला महागडा भाग सहसा बिघडत नाही. पितळेची चाकं, स्टीलचे स्प्रिंग, घासलेली काच हे सगळं साठ वर्षांनी जसंच्या तसं असतं. नासतात त्या चार-दोन येनच्या गोष्टी. फोम, रबर, वंगण आणि बॅटरी. एकेक घेऊ.

पहिला फोम. मागचं झाकण बंद केल्यावर फटीतून उजेड जाऊ नये म्हणून खाचेत काळ्या पॉलियुरेथेन फोमची पट्टी असते. इथे तिला 'मोरुतो' म्हणतात. हवेतल्या दमटपणाने तो फोम दहा-वीस वर्षांत विरघळून डांबरासारखा चिकट होतो. मग रोलवर उजेडाचे केशरी पट्टे येतात आणि लोक म्हणतात कॅमेरा बिघडला. जुना चिकटा बेन्झिन आणि टूथपिकने खरवडायचा आणि नवी पट्टी चिकटवायची. दुपारभराचं काम, खर्च काहीशे येन. पट्टी मिळाली नाही तर अरुंद खाचांत काळ्या लोकरीचा धागा बसवला तरी चालतो. म्हणजे आईच्या विणकामाच्या पिशवीतही सुटा भाग मिळू शकतो.

पण हा फोम कुठे आहे त्यावर सगळं अवलंबून. ऑलिंपसचा ओएम-१ (१९७२) घ्या. योशिहिसा माइतानी या इंजिनिअरने बनवलेला, आटोपशीर आणि अतिशय सुरेख कॅमेरा. त्याच्या वरच्या प्रिझमजवळ फोम असतो. तो कुजला की प्रिझमचा चांदीचा मुलामा खातो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये काळी रेघ दिसायला लागते. पट्टी मिळते, मुलामा परत मिळत नाही. म्हणूनच 'लवकर'.

दुसरं वंगण. लेन्सची फोकस रिंग जड फिरते कारण आतलं ग्रीस वाळून घट्ट झालेलं असतं. त्याच ग्रीसमधलं तेल वर्षानुवर्षं झिरपून अॅपर्चरच्या पात्यांवर येतं आणि पाती एकमेकांना चिकटतात. आपल्याकडे काहीही अडकलं की पहिला उपाय म्हणजे शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब. कॅमेऱ्यात तसं कृपया करू नका. अॅपर्चरची पाती पूर्ण कोरडी असावी लागतात. भारतातून आलेल्या कॅमेऱ्यांत मला शटरमध्ये सोडलेलं तेल नेहमी सापडतं. कुणीतरी प्रेमाने सोडलेलं असतं, पण ते धुऊन काढण्यातच माझा रविवार जातो.

तिसरी बुरशी. मुंबई-कोकणातल्यांना हे वेगळं सांगायला नको. इथेही जून-जुलैमध्ये 'त्सुयु' म्हणजे पावसाळा असतो आणि भिंतीसुद्धा ओलसर लागतात. बुरशी काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. लवकर दिसली तर पुसून जाते. फार वर्षं राहिली तर तिच्यातून निघणारं आम्ल काचेवरचं कोटिंग खातं आणि पुसल्यावरही जाळ्याचा ठसा उरतो. जपानी लोक यासाठी दमटपणा आटोक्यात ठेवणारी विजेची कपाटं वापरतात. आपल्याला घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि एक साधा आर्द्रतामापक पुरतो. आकडा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. आणि सर्वांत महत्त्वाचं, कॅमेरा त्या तपकिरी चामड्याच्या केसमधून बाहेर काढून ठेवा. चामडं ओल धरून ठेवतं. आपल्या वडिलांनी जपून ठेवायचं म्हणून जे केलं, नेमकं तेच बुरशीला आवडतं.

चौथी बॅटरी. १९६०-७० च्या दशकांतल्या अनेक कॅमेऱ्यांचं लाइट मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालायचं. तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत स्थिर राहायचं, म्हणून कंपन्यांनी त्यावर भिस्त ठेवली. पण पारा म्हणजे काय हे जपानइतकं कुणालाच माहीत नाही. मिनामाताच्या खाडीतल्या पाऱ्याने झालेला आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला, आणि पाऱ्याचा वापर आवरण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला २०१३ साली त्याच कुमामोतो प्रांतात मान्यता मिळून मिनामाताचंच नाव दिलं गेलं. या बॅटऱ्या गेल्या ते बरंच झालं. आता १.५ व्होल्टची साधी अल्कलाइन टाकली तर मीटर चुकीचं वाचन देतं. उपाय आहे. कानाच्या यंत्रात घालतात ती ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी साधारण १.४ व्होल्ट देते आणि तेही स्थिर. भोवती एक रिंग बसवायची की झालं. दोन-तीन महिन्यांत संपते, पण कुठल्याही औषधाच्या दुकानाजवळ मिळून जाते. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकच्या (१९६४) मीटरमध्ये ब्रिज सर्किट आहे, त्यामुळे त्याला व्होल्टेजच्या फरकाने फारसं बिघडत नाही. ज्या कुणी ते सर्किट काढलं त्याला माझा दंडवत.

आता या सगळ्याच्या अगदी उलट एक उदाहरण. पेंटॅक्सच्या त्याच काळातल्या ५० मिलिमीटर एफ १.४ सुपर टाकुमार लेन्सच्या एका आवृत्तीत थोरियम मिसळलेली काच आहे. थोरियमचं अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षं. किरणोत्सार अगदी किरकोळ, लेन्स वापरायला काही हरकत नाही, फक्त ती काच घासायची-फोडायची नाही. त्या किरणोत्साराने काच हळूहळू चहासारखी पिवळी पडते. उपाय काय? ऊन! खिडकीत काही दिवस, कधी काही आठवडे ठेवली की पिवळेपणा उतरतो. पापड-कुरडयांच्या वाळवणाबरोबर गच्चीत ठेवली तरी चालेल, फक्त कावळ्यांपासून राखण करा, आणि लेन्समधून ऊन एकवटून खालचं कापड जळणार नाही एवढं बघा. म्हणजे ज्या कॅमेऱ्याच्या काचेत १,४०० कोटी वर्षांचा ऐवज आहे, तो पाच येनच्या फोमपायी भंगारात जातो.

याशिकाचं रबर

आता आपल्या घराघरांतल्या याशिकाकडे येतो. नागानो प्रांतात सुवा तलावाकाठी १९४९ मध्ये सुरू झालेली ही कंपनी. त्यांचा इलेक्ट्रो ३५ हा १९६६ पासूनचा कॅमेरा, आखातातून किंवा परदेशवारीवरून येताना आणलेला, आपल्याकडे बऱ्याच कपाटांत सापडतो. अॅपर्चर तुम्ही ठरवायचं, शटरचा वेग तो ठरवतो. ४५ मिलिमीटर एफ १.७ ची लेन्स फार गोड आहे.

त्याच्या पोटात रोल ओढायच्या यंत्रणेत एक रबराचा इवलासा तुकडा असतो, धक्का सोसण्यासाठी. तो कुजून पडला की आतली दांडी नीट जागेवर थांबत नाही आणि शटरचा ताळमेळ जातो. इंग्रजी जाणकारांनी त्याला 'पॅड ऑफ डेथ' असं भयंकर नाव ठेवलंय. ओळखायची युक्ती सोपी आहे. शटर दाबून झाल्यावर रोलची दांडी ओढा. आत 'टक्' असा स्पष्ट आवाज आला तर रबर शाबूत. मुकाट ओढली गेली तर रबर गेलं. बॅटरी मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची होती. आता ६ व्होल्टची अॅडाप्टर लावून चालते. आणि बॅटरीच नसेल तर कॅमेरा फक्त १/५०० सेकंदावर चालतो, म्हणजे बंद वाटला तरी बंद असतोच असं नाही.

स्क्रू आणि खेकड्याचे डोळे

ज्यांचे हात शिवशिवत असतील त्यांच्यासाठी थोडं हत्यारांविषयी. जपानी कॅमेऱ्याचे फुलीचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्स जातीचे नसतात. जपानी मापाच्या खाचेत फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर पूर्ण बसत नाही, जोर लावला की सटकतो आणि डोकं खराब करतो. जपानी स्क्रू ड्रायव्हर घ्या, हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. लेन्सच्या रिंगला समोरासमोर दोन खाचा असतात. त्या उघडायच्या पान्याला जपानीत 'कानिमे' म्हणजे खेकड्याचे डोळे म्हणतात. एकदा बघितलं की नाव विसरत नाही.

प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. आपल्या भाषेत सांगायचं तर इथे अनडू नाही, बॅकअप तुमचा तुम्ही घ्यायचा. फोकसच्या आट्यांची गोष्ट खास. त्यात एकाच वेळी अनेक आटे सुरू होतात, त्यामुळे रिंग ज्या ठिकाणी सुटली तिथूनच परत बसवावी लागते. चुकीच्या आट्यात गेली तर फिरते छान, पण दूरचा डोंगर कधीच फोकसमध्ये येत नाही. सुटण्याच्या जागेवर खूण करायची ती यासाठी.

आणि एक काम अजिबात करायचं नाही. फ्लॅश बसवलेला छोटा ऑटोमॅटिक कॅमेरा घरी उघडायचा नाही. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात आणि बॅटरी काढल्यावरही ते राहतात.

शेवटचा सुटा भाग

इथपर्यंत वाचून वाटेल की मग अडचण काय आहे? फोम मिळतो, बॅटरीला पर्याय आहे, आणि काही कॅमेऱ्यांची सर्व्हिस मॅन्युअलंही स्कॅन केलेली सापडतात. अडचण दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स. कॅननचा एई-१ (१९७६) हा मायक्रोप्रोसेसर असलेला पहिला एसएलआर. अशा कॅमेऱ्यांची चिप गेली की नवी मिळत नाही, फक्त निकोइचि. दुसरी अडचण माणसांची आहे, आणि ती जास्त मोठी आहे.

मी ज्यांच्याकडे शिकतो ते ऐंशीच्या घरात आहेत. आधी कॅमेऱ्याच्या कारखान्यात, मग सर्व्हिस सेंटरमध्ये, मग स्वतःचं दुकान. दुकान म्हणजे जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक टेबल, एक दिवा आणि रोलच्या रिकाम्या डब्यांत ठेवलेले स्क्रू. (याच डब्यांत आपल्याकडे हळदकुंकू आणि लवंगा असायच्या, हे त्यांना सांगितल्यावर फार हसले.) मी त्यांना सेन्सेई म्हणतो, मनातल्या मनात काका म्हणतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा बाबांचा इलेक्ट्रो ३५ घेऊन गेलो होतो. दारावर कागद चिकटवलेला, की यापुढे नवीन ओव्हरहॉल घेतले जाणार नाहीत. कारण विचारलं तर त्यांनी हात पुढे केला. बोटं किंचित थरथरत होती.

"पुढे दुकान कोण बघणार?" मी विचारलं.

"कुणी नाही. मुलगा ओसाकाला असतो."

"काय करतो तो?"

"तुम्ही करता तेच," ते म्हणाले. "कॉम्प्युटर."

यावर मी काय बोलणार! मग तेच म्हणाले, "दुरुस्त करून देणार नाही. पण तुम्ही करणार असाल तर शेजारी बसतो."

तेव्हापासून ते शेजारी बसतात आणि मी उघडतो. ते कानाने बघतात. एक सेकंदाचं शटर लावून सोडलं की आतल्या चाकांच्या आवाजावरून सांगतात, कुठलं चाक कोरडं पडलंय. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, 'योग्य तेवढं घट्ट करा'. योग्य तेवढं म्हणजे किती, ते त्यांच्या मनगटात आहे. आपल्यापैकी ज्यांनी मूळ लेखक निवृत्त झालेला वीस वर्षं जुना कोड सांभाळलाय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

हे फक्त एका दुकानाचं रडगाणं नाही. क्योसेराने २००५ मध्ये याशिका आणि कॉन्टॅक्सचा कॅमेऱ्यांचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं, कोनिका मिनोल्टा २००६ मध्ये कॅमेऱ्यांतून बाहेर पडली, कॅननने २०१८ मध्ये आणि निकॉनने २०२० मध्ये आपले शेवटचे फिल्म कॅमेरे थांबवले. मग उलटी गोष्ट घडली. पेंटॅक्सने २०२२ च्या डिसेंबरमध्ये नवा फिल्म कॅमेरा बनवायचं जाहीर केलं आणि २०२४ मध्ये 'पेंटॅक्स १७' बाजारात आणला. हाताने दांडी ओढून रोल पुढे सरकवायचा, अगदी जुन्या पद्धतीने. पण ती यंत्रणा येणारे इंजिनिअर कंपनीत उरले नव्हते. जुन्या निवृत्त मंडळींना गाठून, त्यांच्याकडून शिकून ती पुन्हा उभी करावी लागली, असं त्या टीमने स्वतःच सांगितलंय. एवढ्या मोठ्या कंपनीला ड्रॉइंग असूनही म्हातारी माणसं लागली. अजून दहा वर्षं उशीर झाला असता तर कुणाला विचारलं असतं?

मागच्या वेळी मुंबईला गेलो तेव्हा फोर्टमध्ये बोरा बाजारला चक्कर मारली. एका जिन्याखाली बसून कॅमेरे दुरुस्त करणारे चाचा भेटले. गप्पांत म्हणाले, मुलगा बंगलोरला सॉफ्टवेअरमध्ये आहे, छान चाललंय त्याचं. अभिमानाने सांगत होते, आणि का सांगू नये? टोकियोचे काका काय, फोर्टचे चाचा काय, त्यांची मुलं म्हणजे आपणच. आपण बापाचा धंदा सोडून पुढे आलो ते योग्यच झालं, त्यात मला काही वाईट वाटत नाही. पण आठवड्यातला एखादा तास त्यांच्या शेजारी बसायला काय हरकत आहे? तेवढ्यानेही बरंच काही वाचतं.

बाबांच्या याशिकाचं रबर मीच बदललं, काकांनी दोनदा काढायला लावलं, तिसऱ्यांदा मान डोलावली. सांगलीला पोचल्यावर बाबांनी रोल घालायच्या आधी नुसताच चार वेळा दांडी ओढून टक् टक् ऐकलं. त्यांना फोटोपेक्षा त्या आवाजातच जास्त रस होता. मग कॅमेरा आणला त्या वर्षाची, दुकानाची, घासाघीस करून ठरवलेल्या किमतीची सगळी हकीकत सांगितली, जी मी याआधी कधी ऐकली नव्हती.

घरी गेल्यावर काय कराल

पुढच्या सुट्टीत भारतात जाल तेव्हा एवढं करा.

कॅमेरा कपाटातून आणि चामड्याच्या केसमधून बाहेर काढा. खाली किंवा मागे सोनेरी अंडाकृती छोटं स्टिकर दिसतंय का बघा. ते जपानच्या निर्यात तपासणी संस्थेचं. त्या संस्थेचं कॅमेरा संग्रहालय टोकियोत हांझोमोन स्टेशनजवळ आहे, इथे आलात तर जरूर बघा.

बॅटरीचा कप्पा उघडा. जुनी बॅटरी फुटून हिरवं-पांढरं आलं असेल तर ती काढून व्हिनेगरच्या बोळ्याने हलकेच पुसा. पाऱ्याची बॅटरी असली तर कचऱ्यात टाकू नका, घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

मागचं झाकण उघडण्याआधी रोल परत गुंडाळायची किल्ली हलक्या हाताने फिरवा. अडली तर आत रोल आहे, झाकण उघडू नका.

शटर दाबून बघा. अडकलं तर जोर करू नका, आणि तेल तर मुळीच सोडू नका.

लेन्समधून खिडकीकडे बघा. जाळं दिसलं तर तो कॅमेरा पहिला दुरुस्तीला न्या.

शहरात अजून कॅमेरा दुरुस्त करणारं कुणी असेल तर त्यांच्याकडेच न्या, घासाघीस न करता पैसे द्या, आणि शेजारी बसून बघायची परवानगी मागा. बहुतेक जण आनंदाने दाखवतात.

रोल नेताना विमानतळावर हातात द्या आणि हाताने तपासायची विनंती करा. नव्या सीटी स्कॅनरने न धुतलेला रोल खराब होतो. चेक-इनच्या बॅगेत तर कधीच टाकू नका.

आणि जपानहून कॅमेरा आणू का, या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : जरूर आणा, पण आधी घरातला उघडा. जंकची टोपली इथेच आहे, ती कुठे पळून जात नाही. काकांचं तसं सांगता येत नाही.

फार लांबलं, थांबतो. कुणाला ६७५ बॅटरीच्या रिंगचं माप किंवा मोरुतोची पट्टी हवी असेल तर कळवा, डिसेंबरात येताना घेऊन येईन.